फुल्डा : घाव सोसलेलं पुस्तक

फ्रँकफर्टहून फुल्डा रेल्वेनं तासाभरावर. वसईहून आलेल्या आईला जर्मनीत ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत बोनिफास यांची कबर बघायची होती. रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी प्राण देणारा, म्हटलं की आम्हा वसईकरांच्या तोंडी आधी येतात ते आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया. पण बोनिफास त्यांच्याही आठशे वर्षं आधीचे.

कॅथेड्रल १७१२ सालचं, डोळे दिपवणारं. आम्ही तिथं रेंगाळलो नाही, सरळ खाली तळघरात उतरलो. कबरीवरच्या वेदीवर त्यांच्या मरणाचा प्रसंग कोरलाय. आई गुडघ्यांवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

बोनिफास मूळचे इंग्लंडचे, नाव विनफ्रिड. चाळिशीत मठ सोडून धर्मप्रचारासाठी फ्रिसियाला, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याला गेले आणि रिकाम्या हातानं परतले. ७१९ साली पोपनी बोनिफास हे नाव दिलं, ७२२ मध्ये बिशप केलं. जर्मनीतल्या गाइस्मारला डोनार या जुन्या जर्मानिक देवाचा पवित्र ओक वृक्ष त्यांनी तोडला, ती गोष्ट इथं सगळे सांगतात. मला मात्र त्या कुऱ्हाडीपेक्षा त्यांची पत्रं जवळची वाटतात. म्हातारपणी ते इंग्लंडमधल्या बिशप डॅनियलना लिहितात : माझ्या गुरूंचं, बायबलमधल्या संदेष्ट्यांचं पुस्तक पाठवा, त्यातली अक्षरं सुटी आणि ठळक आहेत, बारीक, जोडून लिहिलेलं आता मला दिसत नाही. हे सांगितलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "माझंच की रे हे!" मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिच्या प्रार्थनापुस्तकाचंही तेच झालं होतं.

ऐंशीच्या घरात असताना ते पुन्हा फ्रिसियाला निघाले. जाताना शिष्याला सांगितलं, पुस्तकांच्या पेटीत माझं कफनही ठेव. ५ जून ७५४ ला डोक्कुमजवळ, नवख्रिस्ती लोकांना दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) द्यायच्या दिवशी, हत्यारबंद टोळी चालून आली. बोनिफासनी सोबत्यांना लढू दिलं नाही. मारेकऱ्यांनी सोन्याच्या आशेनं पेट्या फोडल्या, आत निघाली पुस्तकं. ती त्यांनी दलदलीत भिरकावली.

पुढे एका म्हातारीनं सांगितलं की तलवार उगारली तेव्हा बोनिफासनी डोक्यावर पुस्तक धरलं होतं. कॅथेड्रलच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेलं पुस्तक ते हेच, अशी फुल्डाची श्रद्धा. दोन खोल घाव, पानांच्या कडेतून आत गेलेले.

आईनं चष्मा पुसून परत लावला आणि काचेला कपाळ टेकेल इतकी वाकली.

"किती आत गेलाय रे," एवढंच म्हणाली.