पुरात भिजलेली चित्रं

मातीची चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती-बाहुल्या, बुडाली की निम्मं नुकसान पाणी करतं, उरलेलं घरचे लोक. चिखल दिसला की नळाखाली धरायचं, कपड्याच्या साबणाने घासायचं आणि पत्र्यावर उन्हात मांडायचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक मूर्तींचे रंग असेच गेले होते. गावभागातल्या एका काकूंनी मात्र त्यांच्या काचेच्या कपाटाला कुणाला हातच लावू दिला नव्हता. त्या कामाचा विचार अजून सुटलेला नाही.

यजमानांचं डायलिसिस मिरजेला चालायचं, त्या काळात हे कपाट भरत गेलं. दिवस फार जड गेला की काकू एक चित्र मांडायच्या. किल्ल्यावरचे मावळे, वाणी, भाजीवाली कुंभाराकडून घेतलेली. लांबची चित्रं नातेवाईक आणून द्यायचे, ती डब्यात राहायची आणि तशाच एखाद्या दिवशी बाहेर यायची. प्रत्येकाखाली तारखेची चिठ्ठी. यजमान पुराच्या आधीच गेले होते. मुलगी म्हणाली, "आई संध्याकाळी ही चित्रं पुसत बसते, तेवढाच वेळ ती शांत असते." पंचनाम्यात या कपाटाचं मोल किती धरलं असेल, ते सांगायला नको.

आमच्या कामाची रीत अशी, की आल्या आल्या वस्तू जातीप्रमाणे वेगळ्या करायच्या, कारण एकीचा उपाय दुसरीला मारक. काकूंनी अडवलं. "रांग मोडू नका हो, मला तारखेवारीच पाहिजेत." मग आधी खणाखणाचे फोटो काढले, पेन्सिलीने आकडे लिहिलेल्या कापडी पट्ट्या सैल दोऱ्याने बांधल्या आणि नंतरच चित्रं उचलली. शाईच्या पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या, बॉलपेनच्या वाचता येत होत्या. पुसलेल्या तारखा काकूंनी शेजारची चित्रं बघत पुन्हा सांगितल्या. रांग मोडली असती तर ते जमलं नसतं.

प्लास्टरची चित्रं सगळ्यात फसवी. वरून धड दिसतात, पण भिजलेलं प्लास्टर इतकं मऊ होतं की नखाने ओरखडा उठतो. नदीचा गाळ काळा आणि बारीक. वाळताना तो आकसतो आणि रंगाला धरून उपटतो, म्हणून ओला असतानाच मऊ कुंचल्याने, जेमतेम पाण्यात, वरून खाली काढायचा. मग सावलीत जाळीवर ठेवायचं. हेअर ड्रायर नको, पंख्याचा थेट झोतही नको. ५० अंशांच्या वर तापलं की प्लास्टर आतलं बांधलेलं पाणीही सोडायला लागतं आणि भुसभुशीत होतं. वाळलं की नाही हे बोटाला कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करायचं, ते लागोपाठ काही दिवस हललं नाही की पुढचं काम. मावळ्यांच्या भाल्यात आणि हातात लोखंडी तार असते. ती गंजून फुगते आणि प्लास्टर आतून फोडते. अशी प्रत्येक तार काढून पितळी घातली.

भाजलेल्या मातीत नदीच्या पाण्यातले क्षार मुरतात आणि वाळताना पांढरी बुरशी यावी तसे वर येतात. बिनरंगी असेल तर स्वच्छ पाण्यात बुडवून पाणी बदलत राहायचं. डिंकातला रंग असेल तर तेही करता येत नाही, क्षार कोरडेच हळूहळू झाडायचे.

आंध्रातल्या कोंडापल्लीचे लाकडी दशावतार सुटे झाले होते. त्यांचे हातपाय चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून चिकटवलेले असतात आणि पाण्यात ती खळ विरघळते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी घोड्यावरची लाख ओलीने पांढुरकी पडली होती. तिला स्पिरिट लावायचं नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. साध्या सुती कापडात गुंडाळून, कापड बदलत, सावकाश वाळवायचं. घाईने लाकूड तडकतं. चिनी मातीच्या बाहुल्यांचे फक्त जुने जोड उघडले होते. ते जोडायला आम्ही ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळेचं चिकटद्रव्य वापरतो, कारण ते उद्या पुन्हा सोडवता येतं. इपॉक्सी सुटत नाही आणि पिवळं पडतं. पण बी-७२ चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडतं. सांगलीतल्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत जोड घसरतो, म्हणून त्यात त्याच जातीचं, जरा जास्त उष्णता सोसणारं बी-४८एन मिसळतो.

रंग नवे दिले नाहीत. आमच्याच धंद्यातले काहीजण ओल्या प्लास्टरवर ऑइलपेंट मारून देतात. गिऱ्हाईक खूश होतं, आत ओल कोंडते आणि पुढे रंग पापुद्र्यांनी सुटतो. याला दुरुस्ती म्हणवत नाही.

अडलं ते पहिल्या क्रमांकाच्या चित्राशी. शाडूची गवळण. शाडू भाजलेला नसतो, पाण्यात त्याचा लगदा होतो. खणात मातीचा गोळा आणि आत रुतलेली चिठ्ठी, एवढंच उरलं होतं. मुलीचं म्हणणं, नवी करून द्या. ते अवघड नव्हतं. गोळा भिजवून, वस्त्रगाळ करून त्याच मातीची गवळण घडवता आली असती, आधीचा फोटोही होता. काकू म्हणाल्या, "तो दिवसच तसा होता. गोळाच राहू दे."

मी गोळा दमट कापडाखाली सावकाश वाळवला, भेगांमध्ये शाडूचंच पातळ पाणी कुंचल्याने सोडलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून दिला. हातात कला असताना आकार परत न देणं मला फार जड गेलं. माझे सहकारी अजून म्हणतात, की गवळण करून द्यायला हवी होती, काकूंना नंतर आवडली असती. मला तसं वाटत नाही, पण त्यांचं म्हणणं पूर्ण खोडूनही काढता येत नाही.

तेव्हापासून आमच्या आवक वहीत 'कुठे, कशाशेजारी ठेवलं होतं' असा रकाना घातला आहे. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेलं, तेव्हा काकूंची चित्रं आकड्यांच्या खोक्यांतून माळ्यावर गेली होती, एक नंबरच्या खोक्यापासून.