लोणा मिनेसोटातही धरतो

एप्रिल उजाडला, बर्फ गेला एकदाचा. आजचा रविवार टॉर्च घेऊन घराच्या कानाकोपऱ्यात नाक खुपसण्यात गेला.

बेडरूमच्या छताला, बाहेरच्या भिंतीलगत, चहा सांडल्यासारखा डाग. घरातल्या उबेने छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतं, त्याचा बांध होतो आणि मागचं पाणी शिंगल्सखालून (छपरावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांखालून) आत शिरतं. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय, पसरला की कळेल.

खरी मजा बेसमेंटमध्ये. पुठ्ठ्याचे खोके भिंतीला टेकवून ठेवायचा आळशीपणा माझाच. एक ओढला तर तळ तिथेच राहिला, आणि आत आजीच्या गोधडीच्या घडीवर काळे ठिपके. तो कुबट वास! मागे काँक्रीटवर पांढरी पूड. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आई चिपळूणहून म्हणाली, "अगं, ही बुरशी नाही, लोणा धरलाय. बोट फिरव, मिठासारखा भुरभुरेल." भुरभुरला! ओल भिंतीतून झिरपते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गोधडीवर मात्र बुरशीच.

बेसमेंटमध्ये झिरपणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या संप पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. फ्लोट वर आला, पंप घुरघुरला. हुश्श. आर्द्रता ६२ टक्के दिसतेय, ५० च्या खाली आणायचीय. डीह्युमिडिफायर लावलाय.

गोधडी दोनदा धुऊन उन्हात टाकली. ठिपके फिकट झालेत, गेले नाहीत. कोणाकडे घरगुती उपाय आहे का? जुनं सुती लुगडं आहे हो, ब्लीच नका सांगू.