हंगामाच्या सणानंतरचा आठवडा

रविवार, रात्री

देवाचे उपकार मानताना आपण शेजाऱ्याच्या नुकसानीवर पाय देऊन उभे असतो का? आज सकाळी उपासनेत हा प्रश्न मनात शिरला आणि अजून तिथेच बसून आहे.

आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता, आलेल्या पिकातलं काही देवापुढे आणून उपकार मानायचा. प्रभुभोजनाच्या मेजापुढे उसाच्या मोळ्या, शेंगांची पोती, भोपळे, गुळाच्या ढेपा, राखून ठेवलेली हळकुंडं, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं दरवर्षीसारखं मांडलं होतं. साक्षीची, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, वेळ झाली तशी एकेक माणसं उठू लागली. कुणाची मुलगी बारावी झाली, कुणाचं पाठीचं ऑपरेशन नीट पार पडलं, कुणाचं कर्ज फिटलं. मग तासगावकडे द्राक्षबाग असलेले एक काका उठले. म्हणाले, "या पावसात आजूबाजूच्या सगळ्यांच्या बागा गेल्या. पण प्रभूने आमची तेवढी राखली. त्याचे लाख लाख उपकार." मंडळी "आमेन" म्हणाली.

त्यांच्या मागच्याच बाकावर अण्णा बसले होते. अण्णांची बाग कवठेमहांकाळकडे, खंडाने घेतलेली. फळछाटणी वेळेवर झाली, घड निघाले, फुलोरा आला आणि नेमका तेव्हाच पाऊस बसला. आधी गळ, मग डावनी हा बुरशीचा रोग, मग कूज. औषधांची उधारी दुकानात आहे, सोसायटीचं कर्ज वेगळं. काका बोलत असताना मी अण्णांकडे बघितलं नाही. बघवेना.

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. रात्ररात्र फवारणी करून त्या माणसाने बाग जगवली आहे. तरी घरी येऊन मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडला. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, आणि जकातदार, ज्याला लोक पापी समजत, दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशाची प्रार्थना ही उपकार मानण्याचीच प्रार्थना आहे, हे आपण किती सहज विसरतो! तो काही मागत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो, यात खोटंही काही नाही. फक्त देवाचे आभार मानायला त्याला शेजारी एक जकातदार लागतो. 'मी याच्यासारखा नाही' हे म्हटल्याशिवाय त्याचे आभार पुरे होत नाहीत. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो दुसराच.

उपासनेनंतर मेजापुढच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात एका अंड्याला पाचशे रुपये आले. घेणाऱ्याने ते पुन्हा मेजावर ठेवलं, ते पुन्हा विकलं गेलं. पोरं टाळ्या पिटत होती. सणाचा हा भाग मला फार आवडतो. माणूस पैसे देतो आणि वस्तूही सोडतो, दोन्ही हसत हसत.

सोमवार

2019 चा ऑगस्ट आठवला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेलं. गावभाग, सांगलवाडी, स्टेशन रोड, मारुती चौक, सगळीकडे पाणी. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला तर लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि माणसं गेली. पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या रविवारी, 'प्रभूने आमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येऊ दिलं नाही' अशा साक्षी झाल्या. मी तेव्हाही ऐकत होते आणि मनात म्हणत होते, मग ब्रह्मनाळच्या लोकांचं काय? त्यांना देव विसरला होता?

आमचं घर विश्रामबागेच्या बाजूला, उंचावर. पाणी आलं नाही ते चढामुळे. यात देवाने आम्हाला निवडून वाचवलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्या दिवसांत आमच्या दोन खोल्यांत सांगलवाडीची दोन कुटुंबं राहिली, त्यांतलं एक तर ओळखीचंही नव्हतं. दिवसभर भाताचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. म्हातारी माणसं गादीवर, बाकी सगळे सतरंजीवर. रात्री दिवे नसायचे, तेव्हा त्यांच्यातली आजी ज्ञानेश्वरांच्या ओव्या म्हणायची आणि आमची आई स्तोत्र म्हणायची. त्या घरासाठी, त्या चढासाठी मी देवाचे उपकार मानते, अगदी मनापासून. राखलं कशासाठी ते मला कळलं होतं, म्हणून.

बुधवार

संध्याकाळी अण्णांच्या घरी घरसभा, म्हणजे मंडळीची घरगुती प्रार्थना. मला धास्ती होती की कुणीतरी लगेच प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' काढेल आणि अण्णांच्या हातात देऊन मोकळं होईल. दुःखी माणसाच्या घरी जाऊन हे वचन वाचणं फार सोपं असतं, आणि त्या घरातून परत आल्यावर आपल्याला बरंही वाटतं. पौलाने ते लिहिलं तेव्हा त्याला स्वतःलाच त्या शहरातून रातोरात निघावं लागलं होतं आणि मागे राहिलेली मंडळी छळ सोसत होती. मार खाल्लेल्याने मार खाणाऱ्यांना लिहिलेलं वाक्य आहे ते. सुरक्षित बसलेल्याने दुसऱ्याला ऐकवायचं नाही.

पाळकसाहेबांनी ते काढलं नाही. त्यांनी तेरावं स्तोत्र वाचलं, ज्यात दावीद देवालाच विचारतो की तू मला कुठवर विसरणार. वाचून गप्प बसले. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णांनीच हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक काढायला लावलं. म्हणाले, "पाळकसाहेब, ते हबक्कूकातलं वाचा की. द्राक्षीचं."

अंजिराला फूल नाही, द्राक्षीच्या वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. हे आम्ही सगळ्यांनी किती वेळा ऐकलं असेल. पण बाग गेलेल्या माणसाच्या ओसरीवर, समोर औषधांचे रिकामे डबे रचलेले असताना ते ऐकणं निराळं होतं.

पाळकसाहेबांनी एक गोष्ट दाखवली. हबक्कूकाचे अध्याय तीनच, आणि त्यांत निम्मं पुस्तक देवाशी भांडण्यात जातं. अन्याय दिसतो तर तू गप्प का, किती हाका मारू, हे त्याने आधी तोंडावर विचारलं आहे. बुरुजावर उभं राहून उत्तराची वाट बघितली आहे. खास्दी, म्हणजे बाबेलचे, लोक चालून येणार हे त्याला ठाऊक आहे आणि अंग थरथरतंय हेही त्याने लपवलेलं नाही. उल्लास त्याच्या नंतर येतो. भांडणाची पानं फाडून नुसतं शेवटचं पान कुणाच्या भिंतीवर लावता येत नाही.

अण्णा म्हणाले, "माझं भांडण अजून चालू हाय. पर त्याच्याशीच चालू हाय, दुसऱ्या कुणाशी नाही." पाळकसाहेब म्हणाले, "तेवढं चालू ठेवा."

येताना वाटेत मला आमच्या प्रभूची ती शेवटची रात्र आठवत होती. धरून दिलं जाण्याच्या रात्री त्याने भाकर घेतली, उपकार मानले आणि मोडली. मेजावर त्याला धरून देणारा यहूदा होता. त्यानंतर ते गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले आणि तिथे तोच येशू 'हा प्याला माझ्यावरून टळो' म्हणून घामाघूम झाला. एकाच रात्री आभार आणि आकांत. त्याने आभार मानले ते स्वतःचं शरीर मोडून वाटायला काढताना. त्या मेजावर आपण दर महिन्याला बसतो आणि तरी उपकारांचा हिशेब 'मला काय मिळालं' इथेच थांबवतो, याचं मला आज फार वाईट वाटलं.

गुरुवार

शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे मुलांच्या बायबल वर्गासाठी, दहा कुष्ठरोग्यांचा धडा तयार करायचा आहे. येशूने दहाही बरे केले, आभार मानायला एकच परतला. मुलांना नेहमी शिकवतात की नऊ कृतघ्न, एक कृतज्ञ. मला ते पुरेसं वाटत नाही.

माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली. 1894 साली डॉ. वानलेसांनी सुरू केलेलं ते हॉस्पिटल. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी वेगळा दवाखाना होता. आई सांगायची, बरे झालेले रोगीही घरी जायला घाबरायचे, कारण घर दार उघडेल याची खात्री नसायची. हे ऐकत वाढल्यामुळे मला त्या नऊ जणांची घाई कळते. बायबलमधल्या लेवीय पुस्तकातल्या नियमाप्रमाणे त्यांना गावाबाहेर राहावं लागे, याजकाने शुद्ध म्हटल्याशिवाय आत घेत नसत. येशूनेच त्यांना याजकाकडे जा म्हणून सांगितलं. ते आज्ञाच पाळत होते, बायकापोरांकडे धावत होते. दहावा शोमरोनी, यहूदी ज्यांना परके मानत त्यांतला. यरुशलेमेचा याजक त्याला काय जवळ करणार? त्याला परतायला येशूखेरीज जागाच नव्हती. येशूने नऊ जणांबद्दल विचारलं खरं, पण त्यांचं बरं होणं परत घेतलं नाही. हे मुलांना आवर्जून सांगणार आहे. देव आभारांच्या बदल्यात देत नाही.

मंडळीत माणसांचे आभार मानायला आपण फार काटकसर करतो. 'सगळं श्रेय प्रभूला' म्हटलं की झालं. पौल असा नव्हता. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात त्याने नावं घेतली आहेत: फिबी, प्रिस्का, अक्विला, पर्सिस. कुणी श्रम केले, कुणी त्याच्यासाठी आपली मान धोक्यात घातली, सगळं लिहिलं. आमच्याकडे पहाटे घंटा देणारे, सणानंतर उसाचा पाला आणि कोंबड्यांची घाण झाडून काढणाऱ्या मावशी यांचं नाव वार्षिक अहवालात येत नाही. या वेळी मी घालून दिलं आहे.

शनिवार

आज महिला मंडळाची बैठक. लिलावाचे पैसे नेहमी इमारत निधीत जातात. या वेळी मी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय वाचून दाखवला. पहिल्या पिकाची टोपली घेऊन शेतकरी याजकापुढे येतो आणि देवासमोर काय म्हणतो, तर माझा पूर्वज भटका अरामी होता. जमीन मिळाल्यावरही भटकेपण विसरायचं नाही. आणि त्या पिकाचा आनंद घरच्यांबरोबर लेवी (मंदिरसेवेचा वंश) आणि उपरी (परके) यांनाही द्यायचा. पुढच्याच ओळींत अनाथ आणि विधवा. टोपली देवापुढे ठेवली की ती या लोकांपर्यंत पोचलीच पाहिजे, अशी तिथे आज्ञाच आहे.

आपले उपरी कोण? कारखाने सुरू झालेत. बीडकडून, जतकडून ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात, उसाच्या पाल्याच्या खोप्यांत लेकरं घेऊन बाया राहतात. मेजापुढे आपण ज्या मोळ्या मांडतो त्यांवर कोयता त्यांचा चालतो. आणि बागा गेल्या म्हणून घडांच्या विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाणाऱ्या बायांची हजेरीही गेली. बाग मालकाच्या नुकसानीचा पंचनामा तरी होतो, यांचा तोही होत नाही.

थोडी वादावादी झाली. एक मामी म्हणाल्या, "छताचे पत्रे गळतात गं, ते कधी करायचे?" त्यांचंही खरं आहे. शेवटी अर्धे पैसे इमारतीला ठेवायचे, अर्धे बाहेर काढायचे, असं ठरलं. ठराव मी लिहिला, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळापुढे पाळकसाहेब ठेवतील.

घरी पोचते तोच तासगावच्या काकांचा फोन आला. त्यांना बैठकीचं कळलं होतं. म्हणाले, "माझी बाग आहे तर काम पण आहे. अण्णांकडच्या टोळीतल्या बाया माझ्याकडे लावतो, मजुरी तीच देतो." मग जरा थांबून विचारलं, "अण्णा माझ्याशी बोलतील का?" मी म्हटलं, "काका, तुम्हीच जा की त्यांच्याकडे."

खोप्यांवर मंगळवारी जायचं ठरलं आहे. लहान मुलांचे स्वेटर, गूळ, शेंगदाणे आणि तेल. स्वेटरची मापं विचारायला उद्या उपासनेनंतर दोघी-तिघींनी आधी जाऊन यायचं.