छाटणी, तोडणी आणि पाचवी पातळी

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर साहसकथा रंगवायच्या खेळाची, बैठक वर्षातून जेमतेम चार वेळा भरते. त्याहून अधिक जमत नाही, कारण आमच्यातला योद्धा प्रत्यक्षात दिंडोरीचा द्राक्षबागायतदार आहे. त्याची गोडी छाटणी संपते न संपते तोच तोडणीचे दिवस येतात, आणि तोडणी उरकली की एप्रिलमध्ये खरड छाटणी उभी असते. त्याला सवड मिळते, तेव्हा जादूगार झालेल्या शेजारच्या वहिनी शाळेच्या उत्तरपत्रिकांत बुडालेल्या असतात.

खेळ चालवणे माझ्याकडे असल्यामुळे पात्रांची पातळी कधी वाढवायची, हा प्रश्नही माझाच; पातळी वाढली की पात्राला नव्या शक्ती मिळतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे दुसऱ्या पातळीसाठी ३०० अनुभवगुण (खेळातल्या पराक्रमांबद्दल मिळणारे गुण) लागतात, तिसऱ्यासाठी ९००, चौथ्यासाठी २,७०० आणि पाचव्यासाठी ६,५००. सुरुवातीला मी याचा हिशेब एका वहीत इमानाने मांडत असे. एका बैठकीत माणशी तीनशेच्या आसपास गुण पडत. त्या गतीने पाचवी पातळी गाठायला साडेपाच वर्षे, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सिंहस्थाचा काळ लागला असता. त्यात बागायतदाराच्या दोन बैठका लागोपाठ हुकल्या. तिसऱ्या वेळी तो द्राक्षांची पेटी घेऊन आला, इतर तिसऱ्या पातळीवर आणि आपण दुसऱ्यावरच असल्याचे त्याने पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “म्हणजे आम्ही बागेत राबलो, ते हिशेबात नाही का?” वही मी त्याच दिवशी मिटली. त्या निर्णयात पेटीचा काहीच वाटा नव्हता, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

कथेचा टप्पा गाठला की सर्वांनी, गैरहजर असलेल्यांनीही, एकदम वर चढायचे, हा पर्याय नियमांतच आहे आणि आम्ही तो स्वीकारला. मात्र मी उदारपणे प्रत्येक बैठकीच्या शेवटी, सगळे चपला शोधत असताना, नवी पातळी वाटू लागलो. परिणाम पाचव्या पातळीवर दिसला. तीन महिन्यांनी आम्ही गुहेत शिरलो, गॉब्लिनांनी घेरले, आणि वहिनी पूर्ण लढाईभर किरकोळ मंत्रांवर भागवत राहिल्या. मी कपबशा गोळा करत असताना त्यांनी पात्राचा कागद उलटला. “अहो, माझ्याकडे अग्निगोल होता की!” सहा बाजूंच्या आठ फाशांची इजा करणारा तो मंत्र कागदाच्या मागच्या बाजूला निवांत पडून होता. एका पाळीत दोनदा वार करण्याची मुभा मिळालेला योद्धाही दुपारभर एकेकच वार करत होता.

आता पातळी दर दुसऱ्या बैठकीला आणि तीही आरंभीच वाढते. पहिला अर्धा तास चिवडा टेबलावरून दूर ठेवून प्रत्येक जण पेन्सिलीने नव्या गोष्टी लिहितो आणि मोठ्याने वाचून दाखवतो. पहिल्याच प्रसंगात त्यांपैकी एखादीची गरज पडेल, याची तजवीज मी करून ठेवतो.

सहाव्या पातळीच्या वेळी योद्ध्याने वाढीव प्राणगुणांसाठी (पात्र किती मार सोसू शकते, ते सांगणारे गुण) दहा बाजूंचा फासा टाकला आणि एक पडला. फासा न टाकता ठरलेले सहा घेता आले असते, हे वहिनींनी नियम वाचून दाखवले. त्याने कागदावर एकच गुण मिळवला आणि म्हणाला, “आधी भाव ठरवून माल घालायची आम्हाला सवय कुठे आहे?”