आत्याची डोळे-तपासणी: पहाटेची बस ते दुसऱ्या दिवसाची सकाळ

आत्याला मधुमेह होऊन १२ वर्षं झाली, पण डोळ्यांचा आतला पडदा (रेटिना) एकदाही तपासला नव्हता. "दिसतंय की मला," हे तिचं उत्तर. खरी मेख इथेच आहे. मधुमेहाने पडदा बिघडायला लागला तरी बराच काळ नजरेला काहीच कळत नाही. म्हणून टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की लगेच, आणि पुढे साधारण वर्षातून एकदा पडदा दाखवायचा असतो.

शहर लांब आहे, पण आमचं निघणं दोन महिने अडलं ते अंतरामुळे नाही. शेजारच्या एकांनी डोळ्याच्या पडद्यावर लेझर उपचार केले आणि त्यांची नजर गेली, ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ. मी ती डॉक्टरांना जशीच्या तशी सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लेझर उरलेली नजर राखायला असतं, गेलेली परत आणायला नाही. फार उशिरा आलेल्याची नजर उपचारानंतरही उतरू शकते, आणि बोल लेझरला लागतो. मला हे पटलं. गावाने पाहिलं ते खोटं नव्हतं, फक्त दोष भलतीकडे गेला होता.

'मोतीबिंदू पिकू द्या' हेही तसंच. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात डॉक्टरच तसं सांगत. १९६७ साली चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायची पद्धत आणली. आता पिकायची वाट पाहावी लागत नाही, उलट फार कडक झाला तर काम अवघड होतं. सल्ला बदलला, पण ते गावापर्यंत कोणी पोचवलं नाही.

आता माझी चूक. तपासणी म्हणजे उपाशीपोटी, असं धरून आत्या पहाटे काही न खाता निघाली, वर मधुमेहाची गोळी घेतलेली. रांगेत तिचे हात थरथरायला लागले, घाम फुटला. रक्तातली साखर फार कमी झाली होती. नर्सने लगेच गोड पाणी पाजलं म्हणून निभावलं. पडदा तपासायला उपाशी राहावं लागत नाही. मी निघण्याआधी विचारायला हवं होतं.

सोबत गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल, जुना चष्मा आणि सगळी औषधं पाकिटांसकट न्या. 'साखर थोडी जास्त असते' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, आकडा लागतो. घरात ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, त्यांना बरोबर न्या, नाहीतर फोनवर तरी घ्या. "दादाला विचारून सांगते," असं म्हणून आत्या उठायलाच लागली होती. मी तिथूनच बाबांना फोन लावला.

शेवटी डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "घरी गेल्यावर काय सांगाल?" आत्या म्हणाली, "साखर डोळ्यात उतरलीये." मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि तिचंच वाक्य पुढे नेलं: साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत झाल्यात, थोड्या पाझरतायत. लेझर आत्ता नको, साखर आणि रक्तदाब सांभाळा, सहा महिन्यांनी या. पुढची तारीख कागदावर घेऊनच आम्ही बाहेर पडलो.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, उजेड खुपतो. गडद चष्मा न्या, रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. आणि हे घरी, शेजारी आधीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी आत्या पायरी चाचपत चढली, तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने चष्मा लावला, दारात बसली आणि सुईत दोरा ओवला. शेजारीण समोरून जाईपर्यंत थांबली होती.