एकच व्यंजन, जागा दोन

आपली वर्णमाला कशी शिस्तीत बसवलीय बघा, कवर्ग घशाशी, तवर्ग दातांशी, पवर्ग ओठांशी, ज्याची त्याची जागा ठरलेली. म्हणूनच एखादं व्यंजन एकाच वेळी दोन वर्गांत बसू शकतं हे कळल्यापासून मी या विषयात पार अडकलेय.

जोडाक्षर नव्हे हां. 'नाकपुडी' म्हणताना आधी क मग प, आवाज दोन. मी म्हणतेय त्या क्प, ग्ब या आवाजांत जिभेची मागची बाजू वर टेकलेली असतानाच ओठही मिटलेले असतात आणि दोन्ही जवळपास एकदमच सुटतात. अगदी बारकाईने मोजलं तर ओठ किंचित उशिरा सुटतात, त्यामुळे नवख्या कानाला तो नुसता प किंवा ब वाटतो. करून बघाच, पहिल्यांदा नीट जमत नाही.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हा क्प, ग्ब रोजचाच. 'इग्बो' या भाषेच्या नावातला ग्ब म्हणजे एकच व्यंजन, आणि आयव्हरी कोस्टचे माजी राष्ट्राध्यक्ष लॉराँ ग्बाग्बो यांच्या आडनावात तो दोनदा येतो. योरुबात तर साधा प नाहीच, रोमन लिपीत लिहितात 'पी' आणि उच्चारतात क्प!

पण मला सगळ्यात भारी वाटते ती रॉसेल बेटावरची येली द्न्ये ही भाषा. हे बेट पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडे समुद्रात, बोलणारे काही हजारच, आजूबाजूच्या बेटांवर ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या भाषा आणि ही मात्र त्या कुळातली नाही. इथे क्प आहेच, शिवाय त आणि प एकदम म्हणायचा आवाज आहे, आणि त्यातही परत दोन प्रकार, एकात जिभेचं टोक दातांजवळ, दुसऱ्यात जरा मागे, आणि तेवढ्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो. असा भेद ठेवणारी दुसरी भाषा सापडलेली नाही. अनुनासिकांचंही तेच, न आणि म एकाच वेळी, ओठही बंद, जीभही टेकलेली, हवा फक्त नाकातून.

भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांनी कित्येक वर्षं तिथे जाऊन काम केलं आणि 2022 मध्ये या भाषेचं जाडजूड व्याकरण आलं. ओठ आणि जिभेचं टोक एकमेकांना आडवे येत नाहीत, मग हे आवाज जगात इतरत्र इतके कमी का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जातच नाही. ही एक भाषा कोणी नोंदवलीच नसती तर असा भेद माणसाच्या भाषेत नसतोच असं आपण खुशाल धरून चाललो असतो.