तुम्ही विचारलेत म्हणून: ‘पाय वाढवायचे काय झाले?’

वेंगुर्ल्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा मला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: “सर, तुम्ही पाय लांब करायचे ऑपरेशन करणार होतात ना, त्याचे काय झाले?” बरेचसे लोक थट्टेने विचारतात. काही माजी विद्यार्थी मात्र मला बाजूला घेऊन, आवाज उतरवून विचारतात, आणि त्यांच्यापैकी एकाने परवा जाता जाता स्वतःला थायरॉइडची गोळी चालू असल्याचे सांगितले. हे उत्तर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी शस्त्रक्रिया केली नाही आणि करणारही नाही.

माझी उंची ५ फूट २ इंच आहे आणि वयाच्या चौदाव्या वर्षापासून, म्हणजे एकवीस वर्षे, मला टाइप १ मधुमेह आहे. स्थळे पाहायला सुरुवात झाल्यापासून उंचीचा काटा रोज टोचत होता. इन्शुलिनची सुई मात्र इतकी अंगवळणी पडली होती की कुडाळहून कोकणकन्येने मुंबईच्या डॉक्टरांकडे निघालो, तेव्हा मधुमेहाची फाइल घरीच राहिली. आईला बेत सांगितला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बरे पाय कित्याक मोडून घेतंस?” ती अडाणीपणाने बोलते आहे असे मला त्या वेळी वाटले होते.

ही पद्धत उंचीच्या हौसेसाठी जन्मलेली नाही. सैबेरियातील कुर्गान येथे डॉ. गावरिल इलिझारोव यांनी १९५० च्या दशकात न जुळणाऱ्या, मोडलेल्या आणि आखूड राहिलेल्या हाडांसाठी ती विकसित केली. हाड कापायचे, साधारण ५ ते ७ दिवस ते तसेच राहू द्यायचे आणि मग पायाभोवती बाहेरून कड्या आणि तारांनी बसवलेल्या यंत्राने दोन्ही तुकडे रोज सुमारे १ मिलिमीटर, तेही शक्यतो पाव-पाव मिलिमीटरच्या चार हप्त्यांत, एकमेकांपासून दूर न्यायचे, म्हणजे मधल्या फटीत शरीर नवे हाड भरत जाते. मला ५ सेंटिमीटर हवे होते. त्यासाठी ताणण्याचेच ५० दिवस लागतात आणि ते कोवळे हाड वजन पेलण्याइतके पक्के होण्यास दर सेंटिमीटरमागे महिना किंवा त्याहून अधिक काळ जातो. यंत्र फक्त ताणते. हाड भरण्याचे काम शरीराचे असते, आणि तिथेच आधीचे आजार आडवे येतात. वाढलेल्या साखरेने जखमा चिघळतात व हाड जुळण्यास वेळ लागतो. थायरॉइड आटोक्यात नसेल किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल, तर हाडांची घडण बिघडते. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या माणसाला अशा दीर्घ उपचारात पुन्हा गुठळी होण्याची भीती अधिक असते.

डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले, तेव्हा मी अभिमानाने “विडी-सिगारेट नाही” असे सांगितले. ते म्हणाले, “मी तंबाखू विचारली.” आमच्याकडे मिश्री आणि मळलेली तंबाखू कोणी व्यसनात धरत नाही, पण निकोटिन कोणत्याही वाटेने गेले तरी रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा भरते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा माझा आकडा ८.९ निघाला, तो ७.५ च्या खाली आल्याशिवाय पुढचे बोलणेच नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

मी आठ महिने झटलो आणि आकडा ७.३ वर आणला. तंबाखू सोडली. पावसाळ्यात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत अशा आमच्या हवेत, बाहेरून लावलेल्या कड्यांच्या तारांभोवतीच्या जखमा कोरड्या कशा ठेवायच्या, यावरही मी विचार करून ठेवला होता: कड्यांऐवजी हाडाच्या आतून ताणणारी सळी घालून घ्यायची, खर्च अधिक झाला तरी चालेल. जांभ्याच्या चौदा पायऱ्या उतरून रोज व्यायामाला कसे जायचे, याचे उत्तर मात्र सापडले नव्हते. आणि तो व्यायाम टाळता येत नाही, कारण हाडाबरोबर स्नायू तितक्या सहज लांबत नाहीत, पोटरी आखडते आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते.

या सगळ्यावर काही ना काही तोड निघाली असती. ज्यावर तोड नव्हती, ती गोष्ट मला दुसऱ्या भेटीत कळली. हाड ताणताना पायाच्या नसाही ताणल्या जातात, आणि ताण जास्त झाला की मुंग्या येतात, बधिरपणा येतो, अंगठा वर उचलता येत नाही. रुग्णाने हे सांगितले की डॉक्टर वेग कमी करतात किंवा थांबतात. म्हणजे ही शस्त्रक्रिया बऱ्याच अंशी रुग्णाच्या तक्रारीवर चालते. माझ्या तळव्यांना अधूनमधून मुंग्या येतच होत्या, आणि त्या मी उभे राहून शिकवण्याच्या खाती टाकल्या होत्या. उद्या मुंगी आली तर ती ताणाची की साखरेची, हे मी कसे सांगणार होतो? आणि मुळात कळलेच नाही तर? थायरॉइडची गोळी घेणाऱ्या त्या मुलाला मी म्हणूनच सांगेन की, “ऑपरेशन चालेल का?” एवढेच विचारून येऊ नकोस, “बिघडायला लागले तर माझ्या शरीरात ते कोणाला आणि कशावरून कळेल?” असेही विचार.

डॉक्टरांनी त्या दिवशी एक साधी तपासणी केली. मला आडवे करून डोळे मिटायला सांगितले. ते नायलॉनच्या जाड धाग्याचे टोक तळव्याला दहा ठिकाणी टेकवणार होते आणि स्पर्श जाणवला की मी “हो” म्हणायचे होते. मी डोळे मिटून वाट पाहिली. बराच वेळ काही झाले नाही, तेव्हा “सुरू करा” असे मीच म्हणालो. उजव्या पायाच्या चार जागा तोवर तपासून झाल्या होत्या.